लूमच्या आवाजातलं इंग्रजी

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुमच्याशी भांडायची वेळ माझ्यावर आत्ता आली. समोर असतात तर तोंड उघडायची हिंमत झाली नसती, म्हणून कागदावर भांडतेय. तुम्ही मला इंग्रजी शिकवलंत, पण बोलायला शिकवलं नाहीत. त्याचं फळ मला परवा काल्हेरच्या शाळेत मिळालं, जिथं मी आता इंग्रजी शिकवते.

कामतघरच्या आपल्या शाळेच्या भिंतीला लागून लूमचा, कापड विणायच्या यंत्रमागांचा, कारखाना. खटखट सुरू झाली की पहिल्या बाकापर्यंतसुद्धा तुमचा आवाज पोचत नसे. दुसऱ्या कुणी घसा फोडून घेतला असता; तुम्ही बोलणंच सोडून दिलंत. पुठ्ठ्याच्या पाट्या केल्यात, कुठं एक इंग्रजी शब्द, कुठं दोन-तीन शब्दांचा घोळका, आणि त्या गळ्यात अडकवून आम्हाला फळ्यापुढं उभं केलंत. वाक्य म्हणजे आम्हीच. नाम आणि क्रियापद आधी जागा धरणार. मग बाकीच्यांनी, ज्यांना पुस्तकात मॉडिफायर म्हणतात त्यांनी, ज्याच्याबद्दल सांगायचं त्याला खेटून उभं राहायचं. जागा चुकली की इंग्रजीत अर्थ दुसऱ्याच्याच घरात शिरतो. मला अजून दिसतंय: वाक्य आहे, शाळेत चालत जाताना मला कुत्रा चावला. 'शाळेत चालत जाताना'ची इंग्रजी पाटी माझ्या गळ्यात आहे आणि मी घाईघाईत कुत्र्याच्या पाटीशेजारी उभी आहे. सगळा वर्ग हसतोय, पण हसण्याचा आवाज येत नाही. तुम्ही माझा दंड धरून ओढता आणि कानाला तोंड लावून ओरडता, "ज्याची हाय त्याच्या बाजूला उभी ऱ्हा! शालंत कोन चाललाय, कुत्रा का तू?" तेव्हापासून माझा शब्द कधी भलत्याच्या शेजारी उभा राहिला नाही.

पण लाइट गेली की लूम थांबत असत. तेव्हा तरी आम्हाला बोलतं करायचंत ना! तेव्हा तुम्ही डोळे मिटून खुर्चीत बसायचात. "गप बसा रे जरा, कानांना आराम द्या." आमच्या वाट्याला आलेली तेवढीच शांतता, ती तुम्ही आम्हाला गप्प बसवण्यात घालवलीत. याचा मला फार राग येतो, बाई.

दहावी झाल्यावर त्या पाट्या तुम्ही मला देऊन टाकल्यात. परवा मी त्या आठवीच्या वर्गात नेल्या, कारण सुपरवायझर मॅडम माझा तास बघायला मागच्या बाकावर बसणार होत्या. मुलं उठली, ढकलाढकली करत उभी राहिली, चुकली, हसली, आपली आपण सरकली. नंतर वहीत लिहिताना एकाचंही वाक्य भरकटलं नाही. आणि मी? मी हातवारे करत होते, डोळे वटारत होते, खांदे धरून मुलांना सरकवत होते. तास संपल्यावर मॅडम म्हणाल्या, "मुलांना समजलं हो, दिसलं मला. पण तुम्ही बोललात कुठं? पेरेंट्सना काय सांगू, टीचर मुकी आहे म्हणून?" उद्या सोमवारी त्या परत बसणार आहेत. पूर्ण तास इंग्रजीत बोलले नाही तर आठवी नव्या मॅडमकडे जाणार, आणि मी केजीत बाळांचे डबे उघडायला. नव्या मॅडम इंग्रजी फाडफाड बोलतात. त्यांच्या फळ्यावर रोज कुत्री शाळेत जातात, पण बोलणाऱ्याची माती विकते म्हणतात ते काही खोटं नाही. वीस मुलं मला डोळ्यांनी विचारतात तेव्हा मला उत्तर येतं. ते जिभेवर यायला बघतं आणि तिथंच बसतं.

आज दुपारी रागाच्या भरात रिक्षा करून कामतघरला गेले. रविवार, शाळेला कुलूप, कारखाना मात्र चालू. भिंतीशी उभी राहिले, तुम्हाला चार शब्द सुनवावे म्हणून तोंड उघडलं, आणि बाई, इंग्रजी आलं. सोमवारचा तास मी बेंबीच्या देठापासून ओरडून घेतला, कुठं अडखळले नाही. माझं मलाही ऐकू येत नव्हतं. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

मग लाइट गेली. लूम एकेक करत थांबले आणि गल्लीत माझा एकटीचा आवाज उरला. घाम पुसत एक कारीगर दारात आला. "क्या हुआ मॅडम, किसको ढूँढ रहे हो?" माझं वाक्य तिथंच तुटलं. "कुछ नहीं भैया," मी म्हटलं.

हे तुम्हाला सांगणार नव्हते, पण सांगते. त्यानंतर मी घरी निघाले नाही. ते अर्धं वाक्य पुरं करायला, लाइट यायची वाट बघत मी तिथंच थांबले.