खिंडीपलीकडचा उतार

३ सप्टेंबर
मुलगी एकटी बर्फाची खिंड ओलांडायला निघालीय. वाटेत गाव नाही, फोनला रेंज नाही. म्हटलं, बाप धडधाकट असताना एकटी कशी जाशील? मी येणार. फिटनेसचा प्रश्नच नाही. महिनाभर ऑफिसचे सगळे मजले जिन्याने चढतोय. उतरताना लिफ्ट. उतरायला काय, कुणीही उतरतं. बायको म्हणाली, गुडघ्यांना विचारलंत का?

१० सप्टेंबर
निघालो. मुलगी पुढे, मी मागे. मागून लक्ष ठेवता येतं. दुपारी इतका मागे राहिलो की लक्ष ठेवायला ती दिसेचना. हाक मारली. माझीच हाक परत आली. आणखी दोनदा मारली. तिच्या काळजीने. ती पुढच्या वळणावर दगडावर बसून सफरचंद खात होती.

११ सप्टेंबर, संध्याकाळ
तंबू वाऱ्याने नुसता फडफडतोय. मुलगी आडवी होताच झोपली. या पोरांना कशाचं म्हणून गांभीर्य नाही. बाहेर कुणीतरी धापा टाकतंय. श्वास रोखून ऐकलं. धापा थांबल्या. सोडला, पुन्हा सुरू. म्हणजे मीच. तरी सावध राहिलेलं बरं.

१२ सप्टेंबर, दुपार, खिंडीत
पोचलो! चढ म्हणजे आपल्या हातचा मळ. फोटो काढला. मग पलीकडे पाहिलं.
पलीकडे नुसता बर्फ. सरळ खाली जातो आणि ढगात नाहीसा होतो. लिफ्टची फार आठवण येतेय. मुलगी म्हणतेय, बाबा, ढग वर चढताहेत, वही आत टाका. पण अशा नोंदी जागच्या जागी झालेल्या बऱ्या. अजून दोन ओळी लिहितो. तिसरीही सुचेल.

१२ सप्टेंबर, संध्याकाळ
उतारावर मध्येच पाय थांबले. मी थांबवले नव्हते. ढगाने गिळलं, हातभर पुढचं दिसेना. घाबरलो. लिहायला काय हरकत आहे, कोण वाचतंय? मी घसरलो तर ही पोर एकटी खाली जाऊन आईला काय सांगेल, एवढंच डोक्यात. घसा फाटेस्तोवर हाका मारल्या, तेव्हा ती पुन्हा वर चढून आली. म्हणाली, बाबा, फक्त माझ्या बुटांकडे बघा. तिला धीर यावा म्हणून तिचा हात धरला. खाली पोचल्यावर तिने एकेक बोट सोडवून घेतलं.

१४ सप्टेंबर
रेंज आली. तिने आईला फोन लावला. माझा जीव टांगणीला. आता ही काय काय सांगतेय! म्हणाली, आई, बाबा होते म्हणून बरं, मी तर वाटेत रडलेच. आमची पोर कधी खोटं बोलत नाही. रडली असेल. माझं लक्ष नव्हतं.
मग फोन माझ्याकडे आला. मी म्हटलं, पोरगी जरा घाबरली होती, सांभाळलं मी.
बायको म्हणाली, अहो, मग आवाज तुमचा का बसलाय?