भिंतीपलीकडचे श्रोते

ती. किसाएताईस,

तोमिएचा वाकून नमस्कार. सप्पोरोच्या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात? माझे ठणठणीत आहेत, कारण दर वीस मिनिटांनी गाण्यांची तबकडी उलटायला मी उठते. (तुझ्या लाडक्या भाच्याने हजारो गाणी भरलेला फोन दिलाय. म्हणाला, ‘‘आई, आता उठायलाच नको!’’ न उठणाऱ्या माणसांना कुठे ठेवतात ते मला ठाऊक आहे.)

आता माझा अपमान ऐक. रोज चार वाजता चहा घेऊन मी बाबांच्या जुन्या तबकड्या लावते. आधी ती खरखर, कढईत टेम्पुराची भजी सोडल्यासारखी, मग गाणं. गाणारी श्वास घेते तोही ऐकू येतो. तर गेल्या महिन्यात शेजारी नवे आलेले ओगाता मिठाईचा डबा घेऊन दारात. कमरेत वाकून म्हणाले, ‘‘तुमची गाणी आमच्या घरात अगदी स्पष्ट ऐकू येतात हो. फार छान!’’ आपल्या क्योतोत अशा कौतुकाचा अर्थ ‘गोंगाट बंद करा’ असाच, तुला सांगायला नको. मी कॉन्व्हेंटच्या नन्सनी शिकवल्याप्रमाणे पाठ ताठ ठेवून क्षमा मागितली, दार लावलं आणि मिठाई रागाने संपवली. (रताळ्याची होती. तिथेच मला कळायला हवं होतं.) तीन आठवडे हेडफोन लावून ऐकलं. बाबांची गाणी अशी चोरून ऐकताना, खरं सांगते, रडू आलं. तबकड्या विकून टाकायला दुकानदारालाही बोलावलं.

तो यायच्या आदल्या दिवशी ओगाता पुन्हा दारात, पुन्हा डबा. ‘‘बाई, तब्येत बरी नाही का? आमची ही अंथरुणाला खिळलेली. चार वाजले की भिंतीकडे तोंड करून चहा मागते. तीन आठवडे झाले, चहाच घेत नाही.’’

‘‘तुम्ही मूळचे कुठले?’’ मी दरडावून विचारलं.

‘‘कागोशिमाचे. तिकडे दक्षिणेला, रताळ्यांच्या मुलखातले.’’

ज्यांना बोलतात तेच म्हणायचं असतं, अशा माणसांनी क्योतोत येताना आधी सूचना द्यायला हवी! दुकानदाराला नको म्हणून कळवलं. आता माझा स्पीकर त्यांच्या भिंतीला टेकवलाय.

तुझी धाकटी,
तोमिए

ता. क. ओगाताबाईंना बाबांची ती लाल वेष्टनातली तबकडी ऐकायची आहे. ती तू लग्नात ‘चुकून’ नेलीस. पाठव.

ता. क. २. ‘बघते हं, शोधून ठेवते,’ असं लिहू नकोस. तूही क्योतोचीच आहेस.