मडमेचं गाणं

उमरठ, ता. १४ नोव्हेंबर १९२९

प्रिय पांडूस, मुरारीचा रामराम. वि. वि.

तुझी पेटी दासगावच्या बोटीने आली, काल गाडीवान घरी टाकून गेला. पेंढ्यात गाण्याच्या पाच तबकड्या. चार धड, पाचवीच्या कडेचा टवका उडालाय. फोनोला किल्ली दिली आणि जेवायची हाक येईपर्यंत ओटीवरून उठलो नाय.

पण ऐकायला बसतात ती माणसं! महिपतीकाका म्हणतात, हे गाणं नाय, कोल्ह्याचा पाय सापळ्यात सापडलाय. त्यांना नाटकातली पदं हवीत. त्यांच्या रामाने तर भोंग्यात फडकं कोंबलं आणि सगळे पोट धरून हसले. सुपारीने लाल झालेली ती उघडी तोंडं बघून मला किळस आली. एक बाई जीव तोडून सांगत्येय आणि हे दात दाखवतायत.

तिसऱ्या तबकडीवरची बाई कोण रे? ती गात नाय, उंबऱ्यावर बसून शेजारणीला गाऱ्हाणं सांगते. मध्येच थांबते, तेव्हा गिटार हुंकार देतं. लढाईच्या वेळचा, मार्सेलच्या धक्क्यावरचा आपला झिका आठवला. अकरा वर्षं झाली, पण त्याचा, त्या काळ्या हमालाचा, बँजो अजून कानात हाय. आपण पलटणीची खेचरं धुवायचो, तो बोटीच्या दोरावर बसून वाजवायचा, आणि तू लगेच ओळखलंस की हे तुणतुण्याचं भावंड. तरी सांगतो, मला अमेरिकेच्या डोंगरातल्या गोऱ्या शेतकऱ्यांचं फिडल, ते त्यांचं व्हायोलिन, जास्त भावतं. तू चिडणार, चीड.

माघात तुमच्या नात्यातल्या मैनाच्या लग्नाला गावी येतोस, असं तुझा भाऊ भागोजी म्हणाला. या खेपेला माझ्या घरी ये. ओटीवर शेजारी बसून ऐकू. चंद्रभागेचाही रामराम. कळावे, माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा
मुरारी


माझगाव, ता. २ डिसेंबर १९२९

प्रिय मुरारीस, पांडूचा रामराम. वि. वि.

फिडलवाल्यांचं तुझं वेड मला कधी कळणार नाही. सुतार फळी कापतो तसा तो आवाज. तरी आणखी दोन ठेवल्यात तुझ्यासाठी. गोदीत एक अमेरिकन बोट लागली आहे. तिचा काळा आचारी लिंबाच्या लोणच्यावर इतका खूश आहे की बरणीमागे दोन तबकड्या देतो. माझ्या घरात आता लोणचं नाही, गाणीच आहेत.

तुझ्या बाईचा अर्थ त्याला विचारला. तिचा नवरा पुलाच्या कामावर गेला आणि घरी नुसती त्याची टोपी परत आली. टोपी कुठे ठेवू, खुंटीवर की उशाला, एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारते. आचारी म्हणाला, तिच्या आजाला बाजारात उभं करून विकलं होतं. ती आज मोठ्या हॉटेलात गाते, पण तिने आत शिरायचं ते मोरीच्या दाराने. मी म्हटलं, समजलं. त्याने विचारलं, तुला कसं काय समजलं? मी विषय बदलला.

आता तुझ्या बोलावण्याचं. मार्सेलला आपण एका घोंगडीत झोपलो, एका ताटात जेवलो. पण उमरठ ते उमरठ. महारवाड्यातला पांडू तुमच्या ओटीवर कसा बसेल? या तबकड्या कोणाच्या हातून येतात, हे तुझ्या काकांना माहीत आहे का? आधी सांग त्यांना. मग मी येतो. वहिनींना रामराम. आठवण ठेवतोस, तशीच ठेव.

तुझा
पांडू


उमरठ, ता. १९ डिसेंबर १९२९

प्रिय पांडूस, मुरारीचा रामराम. वि. वि.

सांगितलं. काका काही बोलले नाय. तू उगा मनात आणतोस, काळ बदललाय. बेधडक ये, मी हाय ना. फिडलवाल्या दोन्ही आण, आणि बाईची दुसरी मिळाली तर तीही. वाट बघतोय.

तुझा
मुरारी


माझगाव, ता. १७ फेब्रुवारी १९३०

मुरारीरावांस पांडू महाराचा जोहार, मायबाप.

त्या दिवशी अंगणात तुझी मान इतकी खाली होती की तुला काही दिसलं नसेल. म्हणून घडलं ते कळवतो.

मी कोट घालून आलो होतो, पायांत बूट. फाटकाशी बूट मीच काढले. कोणी सांगितलं नव्हतं. काका ओटीवर दिसले आणि माझे हात आपोआप जुळले, कंबर वाकली, तोंडातून जोहार गेला. तेरा वर्षांपूर्वी बोटीत चढलो तेव्हा टाकून दिलेला तो शब्द तोंडात तसाच शिल्लक होता.

काकांचा चेहरा बघितला आणि समजलो, तू त्यांना काही सांगितलं नव्हतंस. तबकड्या जमिनीवर ठेव आणि मागे सर, असं ते म्हणाले. ठेवल्या, तुझ्या बाईची दुसरीही त्यात होती. प्रयागकाकू गोमूत्राचा तांब्या घेऊन आल्या. एकेक तबकडी त्यांनी भिजवली, फडक्याने पुसली. मधली कागदाची चकती फुगली, सोलली, बाईचं नाव फडक्याला चिकटून गेलं. मग तू पायऱ्या उतरलास. मला वाटलं, आता काही बोलशील. तू ओली तबकडी उचललीस, वर नेलीस आणि किल्ली दिलीस.

ती गायली. या वेळी कोणी हसलं नाही. काकांनी मानसुद्धा डोलावली आणि विचारलं की ही कोण. तू म्हणालास, गोरी मडम हाय, मोठ्या साहेबाची बायको. काका म्हणाले, आवाजातच खानदान कळतं. हे ऐकून तू हसलास, मुरारी. मी अंगणातून बघितलं. सुपारीच्या तोंडांची किळस येते म्हणून मला लिहिलं होतंस ना? आरशात बघ.

मग करवंटी आली. अंगणाच्या कोपऱ्यात ठेवली, तिच्यात वरून चहा ओतला. आणि मी तो प्यालो. वर म्हणालो की चांगला आहे. तुझी किळस आली, त्याहून जास्त माझी आली. परतीच्या बोटीत दोनदा ओकलो. समुद्र शांत होता.

कळावे काय आणि लोभ काय.

पांडू


उमरठ, ता. २६ फेब्रुवारी १९३०

प्रिय पांडूस, मुरारीचा रामराम. वि. वि.

पत्र वाचलं. तू रागावणं साहजिक हाय. पण माझी अडचणही बघ. शेत सामाईक, काका घरचे कर्ते, धाकट्या बहिणीचं, आवडीचं, लग्न ठरायचंय. त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर तिची सोयरीक कुठे झाली असती? खोटं बोललो ते गाणं चालू राहावं म्हणून. काळी बाई म्हटलं असतं तर काकांनी तबकडी तिथेच फोडली असती. तुझा माल वाचवला, असं समज.

झालं गेलं विसरून जा. सुया बोथट झाल्यात, एक डबी धाडशील तर बरं. लोभ असू दे.

तुझा
मुरारी


उमरठ, ता. २४ मार्च १९३०

प्रिय पांडूस, मुरारीचा रामराम. वि. वि.

तुझं उत्तर नाय. येणार नाय हे कळलं. मागच्या पत्राचा कच्चा खर्डा माझ्यापाशी राहिला होता, तो चंद्रभागेने मला वाचून दाखवायला लावला, धाडण्याआधी नाय, नंतर. सुयांपर्यंत आलो आणि ती उठून आत गेली. रात्री ताट पुढे ठेवताना एवढंच म्हणाली की, असलं पत्र लिहिणाऱ्याला मी भाकरी वाढत्ये.

धुळवडीला काकांनी देवळापुढे फोनो मागवला. सगळा गाव जमला होता. मडमेचं गाणं लाव म्हणाले. मी लावलं नाय. उभा राहून सांगितलं की ही मडम नाय. काळ्या हमालांच्या जातीतली बाई हाय, हिच्या आजाला विकलं होतं. या तबकड्या इतकी वर्षं पांडूने धाडल्या, त्याच्या हातच्या वस्तूंनी तुमची ओटी भरलीय. आणि मार्सेलला मी त्याच्या ताटात जेवलोय, एकदा नाय, दोन वर्षं.

काकांनी फोनो पायरीवरून ढकलला. तबकड्या शेणकईच्या खड्ड्यात गेल्या. मी आणि चंद्रभागा आता नदीकडच्या गोठ्यात राहतो. गावाने विस्तव-पाणी तोडलंय. शेण खाऊन शुद्ध हो म्हणतात. मी नाय म्हटलं. आवडीची जुळत आलेली सोयरीक मोडली. ती मात्र म्हणते की बरं झालं, नवरा दम्याचा होता.

माफी मागत नाय. तुला कळावं म्हणून लिहिलं.

मुरारी


माझगाव, ता. ६ एप्रिल १९३०

मुरारीस, पांडूचा रामराम.

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्यात काका आहेत, फोनो आहे, गोठा आहे, तुझं धाडस आहे. भागोजी नाही.

तू देवळापुढे बोललास, गावाने तुझं विस्तव-पाणी तोडलं. माझ्या भावाचं काय केलं? त्याच दुपारी तुझे काका, रामा आणि आणखी चार जण महारवाड्यात उतरले. तुझ्या भावाने आमच्या पोराला बाटवलं म्हणून भागोजीला घरातून ओढला. उजवा हात कोपरापाशी मोडलाय. छप्पर पाडलं. नदीकडच्या त्या गोठ्यापासून आमचं घर दोन शेतं लांब. तू ऐकलं असशील. बघितलंही असशील.

भागोजी, रखमा आणि त्यांची तीन पोरं माझ्या खोलीत आहेत. तू खरं बोललास त्याबद्दल मी तुला काही म्हणत नाही. पण खरं बोलायचं होतं तर मी अंगणात उभा असताना बोलायचं होतं, मार माझ्या अंगावर आला असता.

महाडच्या कोर्टात भागोजीची फिर्याद लागली आहे, तारीख नऊ मे. साक्षीला उमरठचा एकही माणूस तयार नाही. तबकड्यांबद्दल मला पुन्हा काही लिहू नकोस.

पांडू


उमरठ, ता. १२ एप्रिल १९३०

पांडूस रामराम.

बघितलं होतं. बांधावर उभा होतो, हातात विळा होता, पाय हलला नाय. लिहायची लाज वाटली म्हणून लिहिलं नाय.

नऊ तारखेला कोर्टात येतो. काकांचं नाव मी घेईन.

मुरारी


माझगाव, ता. २१ मे १९३०

प्रिय मुरारीस, पांडूचा रामराम. वि. वि.

निकाल कळला. काकांना आणि रामाला दंड, बाकीचे सुटले, कैद कुणालाच नाही. माणसाचा हात मोडला की एवढंच होतं, हे कोर्टाच्या कागदावर दोनदा वाचून घेतलं. त्यांच्या वकिलाने तुला विचारलं की महाराच्या ताटात जेवलेल्या माणसाच्या शपथेला किंमत काय, तेव्हा सारी कचेरी हसली. तू त्याला सांगितलंस की त्या ताटात काय काय होतं. मसूर, पाव आणि कांदा. ते मी ऐकलं.

बाहेर तुझ्याशी बोललो नाही. बोलण्यासारखं माझ्यापाशी अजून नाही, कधी होईल ते सांगता येत नाही. भागोजी उमरठला परतणार नाही. त्याला गोदीत पहाऱ्याचं काम मिळतंय, डाव्या हाताने कंदील धरता येतो.

ऐकतो की काकांनी शेतातला तुझा वाटा अडवला आणि गोठाही रिकामा करायला सांगितलाय. गोदीत खेचरं नाहीत, पण माणसं लागतात. वहिनी आणि आवडीला घेऊन आलात तर सरळ माझगावला उतरा. दाटीवाटी होईल. इथे पाणी नळाचं आहे, ज्याला तहान लागेल त्याने उठून घ्यायचं.

येण्याआधी दोन ओळी टाक, म्हणजे धक्क्यावर येतो.

पांडू