मांडवखेडची पाळणा योजना

।। श्री ।।
मांडवखेड,
१२ जानेवारी २०२५

ती. दादांस,
प्रेमलाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. फोन करावा तर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलले की नगरपंचायतीतले सगळे आपापल्या खुर्चीत सावरून बसतात. तुम्ही तीस वर्षं एमआयडीसीतल्या लोखंडाच्या मिलमध्ये काढलीत आणि कान तिथंच ठेवून आलात, म्हणून नगराध्यक्षेला अजून पोस्टाचं पाकीट विकत घ्यावं लागतं. पोस्टमन म्हणतो, हाताने पत्र लिहिणारी गावात तुम्ही एकट्याच, बाकी नुसत्या नोटिसा. त्या नोटिसाही मीच पाठवते, हे मी त्याला सांगितलं नाही.

आपल्या गावाची माणसं चोवीस हजार तीनशे. पंचवीस हजार झाली की नगरपंचायतीची नगरपरिषद होईल, निधी वाढेल आणि आठ दिवसांनी येणारं पाणी चार दिवसांनी येईल, असं मी निवडणुकीत बोलून बसले आहे. सातशे माणसं कमी पडतात आणि जनगणना तोंडावर आली आहे. घरांची यादी काढली तर तीनशे बारा घरं कुलूपबंद. त्यात घर क्रमांक २१४, म्हणजे तुमच्या दोन खोल्या. तो शेरा मारताना आमचा लिपिक कचरू माझ्याकडे बघत राहिला. बहीण म्हणून वाईट वाटलं, नगराध्यक्षा म्हणून सही केली.

म्हणून आता मी पाळणा योजना काढली आहे. गावात ज्या घरी बाळ जन्मेल त्या घराची एक वर्षाची घरपट्टी माफ, वर झबलं-टोपडं. मुख्याधिकारी म्हणाले, कायद्यात बसत नाही. मी म्हटलं, दाटीवाटीने बसवा. शेवटी त्याला प्रोत्साहन असं नाव दिल्यावर ते बसलं. माणसं वाढली की घरं वाढतील, घरं वाढली की घरपट्टी वाढेल, असं मी सभेत दोन्ही हात फिरवून सांगितलं. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं की आज जन्मलेलं बाळ घर कधी बांधणार. नगराध्यक्षेच्या नवऱ्याने असे प्रश्न विचारू नयेत.

आकांक्षा बरी आहे. तिला चौथा महिना लागला. तुमची लेक म्हणून लाड करू की माझी सून म्हणून कामं सांगू, हे दोन वर्षांत मला ठरवता आलेलं नाही. सध्या कैरी मागते. जानेवारीत कैरी आणणं नगराध्यक्षेलाही जमत नाही.

तुमचा लोभ आहेच. तो गावच्या नळासारखा आठवड्यातून एकदा न येता रोज यावा.

तुमची,
प्रेमला


।। श्री ।।
मस्तगड, जालना
२० जानेवारी

चि. सौ. प्रेमलास,
रायभानचे अनेक आशीर्वाद. विशेष,

योजनेला माझा पूर्ण पाठिंबा, फक्त मी स्वतः बाळंत होण्याच्या वयात नाही एवढं कचरूला कळव. कुलूपबंद हा शेरा बराबर आहे, त्याबद्दल राग नाही. पण मी दरसाल मार्चच्या आत घरपट्टी भरतो. तेही शेऱ्यात लिहा. तुमच्याकडे भरणाऱ्याचं नाव कुठंच लिहीत नाहीत, थकवणाऱ्याचं मात्र फळ्यावर लावता.

आता मुद्द्याचं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातवा महिना सरला की मी आकांक्षाला घ्यायला येईन. तुझी वहिनी प्रभावती असती तर तिने सगळं केलं असतं. ती जाऊन दोन वर्षं होतील, तेव्हा मीच शिकून राह्यलो. शेजारच्या साखराबाईंनी डिंकाचे लाडू शिकवले. पहिली खेप इतकी टणक झाली की मिलमध्ये नेली असती तर तिची सळई निघाली असती. दुसरी खेप खाता आली. पाळण्यासाठी छताला कडी ठोकली. ती तपासायला मी स्वतः लटकून पाहिलं. कडी राहिली, मी पडलो.

पण एक खरं सांगू? ह्या घरात कुणी मोठ्याने बोलून दोन वर्षं झाली. आकांक्षा माझ्या डाव्या कानाशी येऊन बोलते तेवढं मला सगळं ऐकू येतं. ती तीन महिने इथं राहील, ह्या एका गोष्टीवर मी दिवस ढकलतो आहे. हे तुला लिहिलं, तिला सांगू नकोस.

मोठ्या भावावर माया ठेव, तिला घरपट्टी लावू नकोस.

तुझा,
रायभान


।। श्री ।।
मांडवखेड,
९ मे

ती. दादांस,
प्रेमलाचा शि. सा. नमस्कार, आणि तो घालताना मान नेहमीपेक्षा जास्त खाली आहे असं समजावं.

चार महिन्यांत गावात एकसष्ट बाळं जन्मली. गेल्या वर्षी एवढ्याच दिवसांत अडतीस होती. मी नगरपंचायतीच्या दारात पाळणा टांगला, त्याला झेंडूचं तोरण बांधलं, पेढे वाटले. पेपरात फोटो आला. फोटोतला पाळणा रिकामा आहे हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही.

परवा कचरू फाइल घेऊन आला आणि खाली मान घालून म्हणाला की मॅडम, हे समदे लेकीचे लेकरं हायेत, सव्वा महिना झाला की आपापल्या गावाला जातेत. मी विचारलं, मग आपल्या सुनांची बाळं कुठं आहेत. तर म्हणाला, त्या न्हाई का त्यांच्या माहेराला गेल्त्या. दादा, ही रीत मला माहीत नव्हती असं आहे का? रामप्रसादच्या वेळी मी स्वतः तुमच्या त्या दोन खोल्यांतच बाळंत झाले. वहिनीने सव्वा महिना मला पाण्यात हात घालू दिला नव्हता. पण खुर्चीत बसलं की माणसाचं डोकं घरी राहतं. माफी मिळते म्हटल्यावर आयांनी लेकींना सहाव्या महिन्यातच बोलावून घेतलं. एकसष्ट घरांची घरपट्टी गेली आणि त्यातली पंचेचाळीस बाळं परगावची. गावाची माणसं वाढवायला निघाले आणि शेजारच्या तीन तालुक्यांच्या बाळंतपणांचा खर्चा आपल्या गावावर घेऊन बसले.

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. मी काल सभेत योजना बदलली. यापुढे माफी फक्त सुनेचं बाळंतपण गावात झालं तरच. ठराव वाचून संपतो न संपतो तोच विरोधातले राधेश्याम उठले आणि हात जोडून म्हणाले की मंग मॅडमच्या सूनबाई कुठं बाळंत होणार, मस्तगडला का इथं? सगळी सभा माझ्याकडे बघून राह्यलेली. मी म्हणून गेले, इथंच.

आता शब्द फिरवला तर गाव हसेल आणि योजना बुडेल. आकांक्षा इथंच राहिली तर चालेल का? तुम्ही जानेवारीत लिहिलेलं मी विसरलेले नाही. विसरले असते तर हे पत्र लिहायला चार कागद फाडावे लागले नसते.

लोभ कमी झाला तरी समजू शकेन. बंद मात्र करू नये.

प्रेमला


मस्तगड,
१६ मे

मा. नगराध्यक्षा, मांडवखेड, यांस,
स. न. वि. वि.

आपला ठराव मिळाला. आपण सभेत शब्द दिला आहे, तो मोडावा असं माझं म्हणणं नाही. आकांक्षाला तिथंच ठेवावं.

लाडू साखराबाईंच्या नातवंडांना वाटले. जुनी बाज नव्याने विणून ठेवली होती, तिच्यावर मीच झोपतो. मिलने कान घेतले तेव्हा मी कुणाला काही बोललो नाही. आताही बोलत नाही.

कळावे,
रायभान
घर क्र. २१४, कुलूपबंद


।। श्री ।।
मांडवखेड,
१४ जून, सकाळी

ती. दादांस,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र आकांक्षाच आणते आहे. रामप्रसाद तिला जीपमधून तुमच्याकडे सोडायला निघाला आहे.

तुमचं ‘आपण’ लिहिलेलं पत्र महिनाभर माझ्या पर्समध्ये होतं. पर्स उघडली की ते दिसायचं, म्हणून मी सुट्टे पैसे कमरेला खोचायला लागले. परवा एक गोष्ट लक्षात आली. आकांक्षा घरात कुणाशीही बोलायचं झालं तर आधी त्याच्या डाव्या बाजूला जाते. माझ्याशी, सासऱ्यांशी, दारातल्या भाजीवाल्याशी सुद्धा. हे पाहिल्यावर मला जेवण गेलं नाही.

काल सभा बोलावली आणि सांगितलं की सून माहेरी जाणार, योजना चुकली, चूक माझी आहे. मला सगळ्या कारकिर्दीत मिळाल्या नाहीत एवढ्या टाळ्या राधेश्यामांना एका दिवसात मिळाल्या. मिळू देत. नववा लागलाय, डॉक्टरांना विचारलंय, वाटेत सावकाश चालव असं रामप्रसादला दहादा बजावलंय.

माझ्याकडची माया मी मध्यंतरी थकवली होती, ती आज भरते आहे. पावती द्यावी.

तुमची,
प्रेमला


।। श्री ।।
वाटूर,
१५ जून

चि. सौ. प्रेमलास,
आजोबा रायभान यांचे अनेक आशीर्वाद. फोन तुला कालच आला असेल, पण रामप्रसाद फोनवर नुसता रडत होता म्हणे, म्हणून सविस्तर लिहितो.

मला राहवलं नाही. चौदा तारखेला सकाळी एका ओळखीच्या टेम्पोत बाज, शेगडी आणि लाडवांची तिसरी खेप टाकली आणि मांडवखेडला निघालो. लेक माहेरी येत नसेल तर माहेरानेच जावं, असा माझा विचार. तू तिकडून लेक धाडली आहेस हे मला काय ठाऊक? तुझं पत्र तिच्याच पिशवीत होतं.

वाटूरला टेम्पो चहाला थांबला. समोरून येणाऱ्या जीपमधून आकांक्षाने बाज ओळखली. रामप्रसादने हॉर्न वाजवून वाजवून फाटा डोक्यावर घेतला. मी निवांत बशीत चहा ओतत होतो. शेवटी ती स्वतः उतरून आली, माझ्या डाव्या बाजूला उभी राहिली आणि म्हणाली, बाबा, पोटात दुखायला लागलंय. ते मात्र मला पहिल्या खेपेला ऐकू आलं.

वाटूरच्या दवाखान्यात सव्वातीन वाजता मुलगी झाली. दोघी खुशाल आहेत. जन्माची नोंद वाटूरची. म्हणजे एवढी भांडणं करून माणूस वाढलं ते ना तुझ्या गावाचं, ना माझ्या जालन्याचं. इथल्या सरपंचाने येऊन पेढा दिला. त्याने कसलीच योजना काढलेली नाही.

पुढचा निकाल आकांक्षाने दिला. सव्वा महिना मस्तगड, मग मांडवखेड, आणि बाबांनीही बरोबर यायचं, कायमचं. मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. तिने पुन्हा सांगितलं. मी पुन्हा तसंच केलं, कारण ते परत परत ऐकायला बरं वाटत होतं.

पावती सोबत पाठवतो: माया पूर्ण जमा. बाकी काही नाही.

तुझा,
दादा


।। श्री ।।
मांडवखेड,
१९ जुलै

ती. दादांस,
प्रेमलाचा शि. सा. नमस्कार, बाळीस आत्याआजीचा पापा.

काल मी आणि कचरू किल्ली घेऊन २१४ वर गेलो. कुलूप उघडेना. नगराध्यक्षेने आपल्या अधिकारात दगड घेतला आणि ते फोडलं. खोल्या सारवून-झाडून घेतल्या, नळ दुरुस्त केला; पाणी अजून आठ दिवसांनीच येतं, त्याबद्दल मागाहून भांडा. रामप्रसाद जन्मला तो कोपरा तसाच आहे. मी तिथं थोडा वेळ बसले आणि रडले. कचरूने बाहेर जाऊन मीटर बघितल्यासारखं केलं.

यादीत तुमच्या घरासमोरचा शेरा मी माझ्या हाताने खोडला. सहा महिन्यांचा माझ्या कारभाराचा हिशेब असा: पाळणे एकसष्ट, टाळ्या दोनदा, त्यातल्या एकदा राधेश्यामांना, आणि बाहेरून येऊन कायम राहणारा माणूस एक, वय सहासष्ट, कानाने अधू, घरपट्टी मार्चच्या आत भरणारा. सहाशे नव्याण्णव अजून हवेत. मला त्यांची आता फारशी घाई नाही.

बुधवारी जीप पाठवते. बाज तुमची आणा, लाडू मात्र साखराबाईंचे. आणि दादा, हे माझं शेवटचं पत्र. पोस्टमनला वाईट वाटेल. पुढचं सगळं मी ओट्यावर येऊन, डाव्या बाजूला बसून, ओरडून सांगणार आहे. सगळ्या गावाला ऐकू गेलं तरी जाऊ दे.

तुमची,
प्रेमला