बहिऱ्या कानाची तारीख

मी, प्रेमानंद धोंडबा सोमकुवर, वय ६४, तोफखान्यातून निवृत्त हवालदार, राहणार इंदोरा, नागपूर. शुद्धीवर आहे, नशा केलेली नाही, कोणाचा धाक नाही. फुफ्फुसाचा कॅन्सर आहे. डॉक्टर दिवाळीचीही खात्री देत नाहीत. म्हणून लिहून ठेवतो.

१. घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी कौसल्या हिची. मुलगी मेघा हिची हरकत नाही. तिनेच हे टाइप केले आहे.

२. अवजारांची पेटी शेजारी गोविंदाला, ड्रिल मशीन सोडून. माझी शिडी त्याने २०१६ साली नेली, ती अजून आणूनच राहिला आहे.

३. आता मुख्य गोष्ट. तोफांच्या आवाजाने माझा डावा कान ठार गेला, उजवा अर्धा. २००४ साली फौजेतून सुटलो, त्याच वर्षी अपंगत्व पेन्शनचा अर्ज केला. फाइल सतरा वर्षे फिरली. २०२१ मध्ये एका बाबूने नवा फॉर्म पुढे केला, “याच्यावर लवकर होईल.” साहेबाने बोट ठेवले तिथे सही करायची, ही पलटणीतली सवय. वाचलेच नाही. त्यात ओळ होती, ‘पूर्वीचा अर्ज मागे घेत आहे.’ पेन्शन मंजूर झाली, पण २०२१ पासून. म्हणजे कागदोपत्री मी सतरा वर्षे धडधाकट होतो! मग ही कौसल्या एवढी वर्षे माझ्याशी ओरडून कशाला बोलत होती? शाळेत खिचडी शिजवून तिने घर ओढले. मंजुरीचा कागद आला त्या दिवशी एवढेच म्हणाली, “वाचून तं पाहायचं होतं जी.” मला रडू आले.

४. पेन्शन २००४ पासून धरावी, हा तारखेचा दावा लष्करी न्यायाधिकरणात चालू आहे. माझ्यामागे तो बंद करावा, असे मी लिहिले होते. कौसल्येने ते खोडायला लावले. “बंद काहून करायचा? तुम्ही खोटं बोलले का?” खोडून बाजूला सही केली आहे. दावा आता तिच्या नावे चालेल. निकाल काय लागेल, देव जाणे म्हणायचीही मला सवय नाही. माझ्या हातात काहीच उरलेले नाही.

५. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा. फौजी मानवंदनेच्या बिगुलासाठी कोणाकडे अर्ज करू नये. अर्ज पुष्कळ झाले.

६. पुढची सुनावणी ९ डिसेंबरला. मेघा, आईला एकटीला पाठवू नकोस. कौसल्ये, तिथे माझे नाव पुकारतील. मी मेलो हे सांगण्याआधी एकदा ‘हजर’ म्हण.

सही: प्रेमानंद सोमकुवर
साक्षीदार: १. भैय्याजी मेश्राम २. रंभाबाई वासनिक (दोघांनी माझ्यासमोर, मी त्यांच्यासमोर सही केली)
नागपूर, १४ सप्टेंबर २०२५