ड्रमचं झाकण उघडू नकोस

नागसेन,

माणसाने अग्नीवर विजय मिळवला त्याला लाखो वर्षं झाली. आपल्या गच्चीवर मात्र ती बातमी अजून पोचायची आहे. कंपनीत भट्टी सांभाळणारा तू, कोंबडी भाजायच्या कोळशाच्या ड्रममध्ये किती ताप आहे ते बघायला दर दहा मिनिटांनी झाकण उघडतोस. हवा शिरते, कोळसा भडकतो, आकडा चढतो, आणि आमचे हे भट्टीवाले साहेब तो वहीत टिपून घेतात. काटा बाहेर लावलाय, तो बघायलाच. एकशेदहा अंशांच्या वर गेला तर फक्त खालची हवेची झडप बंद कर.

नेहाच्या होणाऱ्या सासूसासऱ्यांना आणायला चिंचवड स्टेशनवर निघालोय. ‘कोंबडी माझा दादा करतो,’ असं तिने त्यांना सांगितलंय. तिची अब्रू तुझ्या हातात आहे, म्हणूनच धास्ती वाटते.

एक तंगडी मी तपासली आहे. वाढताना मोजू नकोस.

बाबा