सोनगीर फाट्यावरचा टाको

११ ऑक्टोबर १९९७, दसरा
आजपासून रोज लिहायचं. चुकवायचं नाही.
मोठा दिवस. अभिमननानाने हॉटेलची फॅमिली रूम माझ्या ताब्यात दिली. संक्रांतीपर्यंत तिथे फक्त मेक्सिकन. चाललं तर मी मॅनेजर. नाही चाललं तर काय, ते नाना बोलला नाही, नुसता भट्टीकडे बघत राहिला. भट्टीवर पुना असतो, शेवभाजीवाला. त्याला कांदे कापायला माणूस पाहिजे आहे.
धुळे जिल्ह्यातलं हे पहिलं मेक्सिकन. जळगाव धरूनही पहिलंच असणार.
घरी एदलाबादकडे फोन केला. मॅनेजर झालो असंच दादांना सांगून टाकलं. आपल्याच बापाला अर्धवट बातमी कशाला द्यायची?

१५ ऑक्टोबर
दादांनी माझी बातमी रुपचंदभाऊंना पोचवली. रुपचंदभाऊ भुसावळकडचे केळीवाले. त्यांची मुलगी प्रमिला. मागच्या वर्षी ते म्हणाले होते, "मुंबईले भांडे घासणाऱ्याले मी पोरगी देत नाही." आता म्हणतात, जानेवारीत येऊन हॉटेल बघतो, मग ठरवतो. म्हणजे ठरल्यातच जमा.
भांडी घासण्याबद्दल एक लिहून ठेवतो. मी तीन वर्षं मुंबईत मेक्सिकन हॉटेलात होतो, हे खरं. मोरीत होतो, हेही खरं. पण प्लेटमध्ये काय उरतं ते मोरीतच कळतं. ज्याला उरलेलं कळलं त्याला खाल्लेलं पण कळलं. शिक्षण आठवी. नववीचे दोन महिने धरले तर जास्त.

२१ ऑक्टोबर
बोर्ड आला. धुळ्याच्या पेंटरला सांगितलं होतं, मोठ्या टोपीचा मेक्सिकन माणूस काढ. त्याने माणूस बरा काढला, पण टोपी अशी की डोक्यावर टोपली घेऊन चाललाय. दुपारी दोन गाड्या थांबल्या. दोघांनी टोपल्यांचा भाव विचारला. नाना हसला नाही. पुना हसला.
तरी बोर्ड बघून गाड्या थांबतात एवढं सिद्ध झालं.
पाय दुखतात. उद्या पाचला उठणार.

२२ ऑक्टोबर
आठला उठलो. टाको करून बघितले. मक्याच्या पिठाची पातळ भाकरी, लाटण्यावर वाकवून तळायची. सोळा मोडले. जे मोडले त्यांना मुंबईत नाचो म्हणतात, त्यामुळे नुकसान काही नाही.

२ नोव्हेंबर
पहिला कस्टमर. इंदूरकडे जाणारा ट्रकवाला, शिरपूरचा. टाको समोर ठेवला. त्याने उलटा करून बघितला. "हाई काय शे रे भो?" मी सगळं समजावलं. त्याने दोन्ही हातांनी दाबला, आतला राजमा मांडीवर. म्हणाला, "पापड बठ्ठा तुटी गया, आते भाजी कसामा खावानी?" मग स्वतःच ताटात चुरा केला आणि ओरडला, "रस्सा लई ये!"
आमच्याकडे रस्सा फुकट, मागाल तेवढा. हायवेवर सगळीकडेच तसं. त्याने टाकोच्या चुऱ्यावर शेवभाजीचा रस्सा ओतून घेतला, चार वाट्या. बोटं चाटली. "भारी शे" म्हणाला.
पहिलाच कस्टमर खूश. पुना मात्र बडबडत होता की एका पापडापायी पातेलं खाली केलं.

९ नोव्हेंबर
आज धुळ्याच्या सुनंदाबाई, शाळेत शिकवतात. मिस्टर आणि दोन मुली. त्यांनी व्यवस्थित खाल्लं! दोन बोटांनी उचलून, मान तिरपी करून. मुंबईला बहिणीकडे खाल्लं होतं म्हणे. "छान झालंय, अगदी तसंच," असं त्या म्हणाल्या. पुढच्या रविवारी स्टाफला घेऊन येते म्हणाल्या.
मिस्टरांनी शेवभाजी मागवली. तो त्यांचा वैयक्तिक प्रश्न.
झोप येत नाही, इतकं बरं वाटतंय. प्रमिलाला हे सांगायला पाहिजे. तिला मी एकदाच बघितलं आहे, चुलतभावाच्या लग्नात. तिने माझ्याकडे बघितलं. माझ्यामागे घड्याळ होतं, पण घड्याळ इतका वेळ कोण बघतं?

१६ नोव्हेंबर
सुनंदाबाई खरंच आल्या. सहा बायका घेऊन. आणि आजच चीजचा डबा संपलेला. धुळ्याला जाऊन आणायचा होता, शुक्रवारी कंटाळा आला, शनिवारी बस चुकली (बस वेळेवर आली, ही बसची चूक). चीजऐवजी नानाच्या घरचं दही घातलं. एक बाई म्हणाल्या, हे दहीवड्याचं काय केलंय? दुसऱ्या म्हणाल्या, आंबलंय. सुनंदाबाईंनी माझ्याकडे बघितलंच नाही. सगळ्यांनी मिळून शेवभाजी खाल्ली. हसत खिदळत गेल्या.
म्हणजे वातावरण आवडलं.

३० नोव्हेंबर
बरेच दिवस लिहिलं नाही. वेळच नाही. काम नाही, पण वाट बघण्यातही वेळ जातोच.
केळीच्या गाडीबरोबर दिल्लीला जाणारे दोघं आले, आमच्या रावेरकडचे. माझं बोलणं ऐकून खूश झाले. इकडे अहिराणी, माझ्या "मले-तुले"ला सगळे हसतात. त्यांना मोठ्या प्रेमाने बरीटो दिला. एकाने उलगडला, आतला भात बघितला, पुन्हा गुंडाळला. "भाकरीत भात कोन बांधते भाऊ? तुही माय आजारी होती काय?" तसाच गाडीत ठेवला. म्हणाला, गुजरी लागली की खातो. गुजरी म्हणजे घाटाच्या वरती. इतका वेळ टिकेल असा विश्वास दाखवला.

१४ डिसेंबर
एक निर्णय. मॅनेजरने आपलाच माल खायचा. मी रोज संध्याकाळी भट्टीमागे उभा राहून पुनाची शेवभाजी खातो, हे बरं नाही. उद्यापासून बंद.

१५ डिसेंबर
राजम्याने पोट बिघडलं. पुना म्हणाला, गरम रस्सा घे. औषध म्हणून घेतला.

२८ डिसेंबर
नाना म्हणाला, "कौतिक, तुनी खोलीमा माशा बी नही येतस." मी म्हटलं, नाना, ही स्वच्छता आहे. नाना गल्ल्याकडे निघून गेला. पटलं असावं.
थकवा फार. दिवसभर रिकाम्या टेबलांकडे बघायचं काम भांडी घासण्यापेक्षा जड आहे. पण आता सगळं रुपचंदभाऊंवर. ते अकरा तारखेला येतात. ते खूश झाले की नानाही मानेल, इतका मोठा केळीवाला नुसता जेवायला भुसावळहून आला म्हटल्यावर.

१० जानेवारी १९९८
सगळा प्लॅन तयार. ताट नाही, वाटी नाही. मुंबईत मोठ्या पार्टीत टाको हातातच देतात, कागदात धरून, स्वतः मॅनेजर देतो. तसंच करायचं. पुनाने विचारलं, "पाहुणासले ताट नही मांडस?" त्याला काय सांगणार? त्याने मुंबई बघितलेली नाही.

११ जानेवारी
आले. रुपचंदभाऊ, त्यांचे भाऊ, आणि दादा. पांढरेशुभ्र कपडे, टोपी. बसले. टेबलावर ताटाची वाट बघत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. मी वाकून प्रत्येकाच्या हातात टाको दिला.
रुपचंदभाऊ हाताकडे बघत राहिले. ताट कुठे आहे म्हणाले. मी सांगितलं, याला ताट नसतं. त्यांनी भावाकडे बघितलं. भावाने दादांकडे. दादांनी जमिनीकडे.
मग रुपचंदभाऊ हळूच बोलले. ओरडले असते तर बरं झालं असतं. दादांना म्हणाले, "मोतीलाल, माह्या वावरात सालदार हाय. त्याले गाव पारावर बसू देत नाही, पन जेवाले बसला का त्याच्या म्होरं बी माही बायको ताट ठेवते. तुह्या पोरानं मले हातावर भाकर देली."
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लहानपणी मीही बघितलंय, दारात कोणी मागायला आलं की आई भाकरीवर भाजी ठेवायची आणि हातावर द्यायची. पण ते दारात. हे फॅमिली रूममध्ये.
दादांच्या हातातला टाको ओला होऊन फाटला. ते तसाच धरून बसले होते. तेवढ्यात पुना न बोलावता ताटं घेऊन आला. शेवभाजी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांदा. पाहुणे जेवले. दादा जेवले नाहीत.
जाताना दादा म्हणाले, "बेटा, पाटावर नाही बसवलं तरी चाललं असतं. ताट तं ठेवायचं." एवढंच. जीपमध्ये मागे बसले.

१२ जानेवारी
शांतपणे विचार केला. एकंदर इंप्रेशन वाईट नाही. भाऊ रस्सा दोनदा मागून जेवले. नाराज माणूस दोनदा मागत नाही.

१५ जानेवारी
संक्रांत झाली. नानाने फॅमिली रूममध्ये कांद्याची पोती ठेवली. तात्पुरती असणार.

३ फेब्रुवारी
भुसावळहून निरोप नाही. केळीच्या कटाईचे दिवस, सवड नसेल.
कांदे कापतो. डोळ्यांतून पाणी येतं, ते कांद्याचं.

२० मार्च
पुना म्हणतो, मी कांदा जाड कापतो. नानाने मला रस्त्यावर उभं केलं. हातात लाल फडकं, येणाऱ्या गाड्यांना हात करायचा, थांबवायचं. हे म्हणजे मार्केटिंग. मुंबईत यासाठी टायवाली माणसं ठेवतात.
गाड्या थांबत नाहीत. ऊन फार.

५ एप्रिल
बोर्डाची दुसरी बाजू रंगवली. "स्पेशल शेवभाजी". मेक्सिकन माणूस आता हॉटेलकडे तोंड करून आहे.

१० मे
आखाजीचा सण होऊन गेला. लग्नांची गर्दी. सकाळपासून उभा होतो. एकही गाडी थांबली नाही. मग अकराच्या सुमारास एक लक्झरी आली, पुढे केळीचे खांब बांधलेले, मागे दोन जीप. फडकं जोरात हलवलं. पळत पुढे गेलो, रस्त्यात आडवा झालो. थांबली! पूर्ण वऱ्हाड!
आधी रुपचंदभाऊ उतरले. मागून भाऊ. मागून बायका. मग प्रमिला, अंगाला हळद, हातात हिरवा चुडा, सगळं नवरीचं. दोंडाईच्याला नवरदेवाच्या दारी लग्न, संध्याकाळचा मुहूर्त.
गर्दी झाली म्हणून नानाने मलाही वाढायला आत बोलावलं. मी सगळ्यांसमोर ताटं मांडली. पंगतीला कुणाचं ताट राहिलं नाही. रुपचंदभाऊंनी ओळखलं. हात धुताना म्हणाले, "पोऱ्या, आम्ही तं दोंडाईच्यालेच जेवनार होतो. तू आडवा झाला म्हनून थांबलो. हे काम जमते तुले."
प्रमिलाने भाकरी अर्धी ठेवली. पुनाला विचारून बघितलं, तो म्हणाला, नवरी कधीच पूर्ण खात नाही.
लक्झरी वळताना ड्रायव्हरला दिसेना, मागून ट्रक येत होते. नाना ओरडला. मी फडकं घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो, ट्रक थांबवले, लक्झरीला हात दाखवला. जाऊ द्या, जाऊ द्या, डावीकडे, जाऊ द्या.
नाना खूश आहे. म्हणाला, उद्यापासून तुला छत्री देतो.